भावाची यादी जरा बाजूला ठेवा

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या ताई बडोद्याच्या, माहेर दांडिया बाजारातलं, आता मांजलपूरला राहतात, एका ऑफिसात अकाउंट्स बघतात. शाळा मराठी मीडियमची. वडिलांच्या कपाटातल्या नारायण धारपांच्या भयकथा वाचत मोठ्या झाल्या, 'लुचाई'ची तर पानं सुटून आलीयेत इतकं वाचलंय. पुण्याला असलेल्या धाकट्या भावाने वाढदिवसाला अमेरिकन भयकथालेखक स्टीफन किंगच्या 'द डार्क टॉवर' या कादंबरीमालिकेचा आठ पुस्तकांचा अख्खा संच पाठवला आणि सोबत एक्सेलमध्ये वाचायच्या क्रमाची यादी, ज्यात या आठांच्या अधेमधे किंगचीच आणखी डझनभर पुस्तकं घुसवलेली आहेत. पहिलं पुस्तक 'द गनस्लिंगर' दोनदा सुरू केलं आणि दोन्ही वेळा टल नावाच्या गावातला गोळीबार संपतो तिथेच बंद पडलं. कोण कोणाला काय सांगतंय कळत नाही, इंग्रजी जड जातं, रात्री वाचलं की झोप उडते. भाऊ दर रविवारी फोनवर विचारतो कुठवर आलीस, नवरा म्हणतो शोकेसमध्ये मस्त दिसतायत, आणि दहा वर्षांची लेक म्हणते मला दे. यादीप्रमाणे परत पहिल्यापासून सुरू करू, पहिलं सोडून दुसरं घेऊ, का आपल्याच्याने होत नाही असं भावाला सांगून मोकळी होऊ, असं विचारलंय.

ताई, आधी एक सांगते, तुम्ही जिथे दोनदा थांबलात ना तिथे पुस्तक अर्धवट सुटत नाही. टलचा गोळीबार झाला की गोष्ट परत त्या वाळवंटातल्या झोपडीत येते आणि थोड्याच पानांत पहिला भाग संपतो. आणि हे भाग म्हणजे नुसती प्रकरणं नव्हेत. 'द गनस्लिंगर' पुस्तक म्हणून आलं 1982 मध्ये, पण त्याआधी 1978 ते 1981 या काळात त्यातल्या पाच गोष्टी अमेरिकेतल्या 'द मॅगझिन ऑफ फँटसी अँड सायन्स फिक्शन' या मासिकात सुट्या सुट्या छापून आल्या होत्या. म्हणजे त्या वेळच्या वाचकाने टलची गोष्ट वाचली, अंक ठेवून दिला, आणि पुढची गोष्ट त्याच्या हातात पडली ती बऱ्याच महिन्यांनी. तुम्ही एक गोष्ट जवळजवळ पूर्ण वाचलीये, तीही दोनदा, आणि तरी पत्रात लिहिता की मला जमत नाहीये.

आता कोण कोणाला सांगतंय ते. हा गोंधळ तुमचा नाहीये, लेखकाने तसं रचलंच आहे. सुरुवात वाळवंटात, मालिकेचा नायक, बंदूकबाज रोलंड, एका काळ्या कपड्यातल्या माणसाच्या मागावर आहे. मग तो ब्राउन नावाच्या माणसाच्या झोपडीत मुक्काम करतो (तोच, ज्याच्याकडे बोलणारा झोल्टन नावाचा कावळा आहे) आणि त्याला टलमध्ये काय झालं ते सांगायला लागतो. त्या टलच्या गोष्टीत दारूच्या गुत्त्याची मालकीण अ‍ॅली त्याला सांगते की तो काळ्या कपड्यातला माणूस आधी इथे येऊन गेला आणि मेलेल्या नॉर्टला त्याने कसं उठवलं. म्हणजे गोष्टीच्या पोटात गोष्ट आणि तिच्या पोटात अजून एक. आपण लहानपणी वेताळपंचविशी वाचलेली माणसं आहोत, हे आपल्याला काही नवीन नाही, फक्त तिथे वेताळ दर वेळी सांगतो की आता मी गोष्ट सांगतो आणि इथे किंग न सांगता आत शिरतो. एकदा हे तीन मजले डोक्यात बसले की टलची पानं परत वाचायची गरजही पडणार नाही, सरळ 'द वे स्टेशन' या दुसऱ्या भागावर जा. तिथे जेक नावाचा मुलगा भेटतो, न्यूयॉर्कहून या वाळवंटात येऊन पडलेला, आणि मला विचाराल तर त्या मुलापासून पुस्तकात जीव येतो.

इंग्रजीचं म्हणाल तर तिथेही मला तुमचं गणित थोडं चुकलेलं वाटतं. तुम्ही धरून चाललाय की पहिलंच इतकं जड तर पुढची सात किती जड असतील. होतं उलटं. किंगने हे लिहायला घेतलं 1970 मध्ये, कॉलेज नुकतंच संपत असताना, इंग्रज कवी ब्राउनिंगची एक कविता डोक्यात, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाला टॉल्कीन डोक्यात आणि क्लिंट ईस्टवूडचे काउबॉय सिनेमे डोक्यात, आणि त्या वयात आपण फार मोठं काही लिहितोय असं वाटत असताना जी भाषा येते ती आलीये. पुढे 2003 मध्ये त्याने स्वतःच हे पुस्तक दुरुस्त करून पुन्हा काढलं आणि प्रस्तावनेत कबूलही केलं की यात जड जड लिहिण्याची हौस फार होती. दुसरं पुस्तक 'द ड्रॉइंग ऑफ द थ्री' आलं 1987 मध्ये, तोवर तो नेहमीचा किंग झालेला होता, बोलल्यासारखं लिहिणारा. त्यामुळे पहिल्यावरून सगळ्या मालिकेचं माप काढू नका.

आणि हो, शेजारी डिक्शनरी घेऊन बसता असं लिहिलंय, ती आधी उचलून ठेवा. या मालिकेतले निम्मे अडणारे शब्द किंगने स्वतः घडवलेले किंवा वाकवलेले आहेत, 'का', 'का-टेट', 'साय' वगैरे, ते तुम्हाला कुठे सापडणारच नाहीत, आणि वाचता वाचता तिसऱ्या-चौथ्या वेळी आपोआप कळतात. लहानपणी धारप वाचताना कुठे प्रत्येक शब्द कळत होता, तरी पाय पलंगावर ओढून घेत होतोच ना आपण.

आता यादी. भावाने प्रेमाने केलीये यात वाद नाही, पण अशा याद्या करणारी माणसं सगळं वाचून झाल्यावर करतात. त्यांना धागे जुळताना दिसलेले असतात आणि ती मजा दुसऱ्यालाही पहिल्या दिवसापासून मिळावी म्हणून ते सगळं आधीच वाढून ठेवतात, आणि खाणाऱ्याचं पोट मात्र ताट बघूनच भरतं. खरी गोष्ट अशी आहे की मूळ मालिकेची सात पुस्तकं क्रमानेच वाचायला लागतात, तिथे सूट नाही. आठवं, 'द विंड थ्रू द कीहोल', आलं 2012 मध्ये, कथेत ते चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये बसतं, पण सातही झाल्यावर वाचलं तरी काही बिघडत नाही आणि मी तर तेच सुचवेन. बाकीची जी डझनभर आहेत त्यातलं एकही वाचलं नाही तरी गोष्ट कळते. ज्यांना हौस आहे त्यांनी 'द स्टँड' चौथ्याच्या आधी वाचावं, 'इन्सोम्निया' आणि 'हार्ट्स इन अटलांटिस' सातव्याच्या आधी, बस.

अपवाद एकच, आणि तो नेमका तुमच्या पथ्यावर पडणारा आहे. पाचव्या पुस्तकात, 'वुल्व्ज ऑफ द काला'मध्ये, फादर कॅलहॅन नावाचा एक पाद्री येतो आणि त्याची मागची गोष्ट किंगच्या 1975 च्या 'सालेम्स लॉट'मध्ये सुरू होते. आता तुमचं ते पानं सुटलेलं 'लुचाई' कपाटातून काढा. धारपांनी ती कादंबरी बेतलीये ती याच 'सालेम्स लॉट'वर! म्हणजे ज्या पुस्तकाची तुम्हाला यादीत धास्ती वाटतेय त्याचा सांगाडा तुम्हाला शाळेपासून पाठ आहे. गावं वेगळी, माणसांची नावं वेगळी, पण ते जुनं घर आणि गावातली एकेक माणसं रात्री बदलत जाणं, हे सगळं ओळखीचं. माझं तर म्हणणं आहे की इंग्रजीची भीती जायला याच्याइतका चांगला उपाय नाही, गोष्ट माहितीये म्हणून डोकं कथेत अडकत नाही, आणि वाक्यं आपोआप सरकायला लागतात. 'गनस्लिंगर'चे उरलेले चार भाग वाचताना मध्ये मध्ये 'सालेम्स लॉट' घ्या, दोन्ही एका वेळी चालू राहिली तरी हरकत नाही. तुमच्यासारखे जे अजून कोणी मराठीतून इंग्रजी भयकथांकडे वळायचं म्हणतायत त्यांनाही माझं हेच सांगणं आहे, आधी धारप, मग ज्यावर धारप बेतले ते पुस्तक. धारप घरात नसतील तर मांडवीजवळच्या आपल्या सेंट्रल लायब्ररीत मराठी विभागात विचारा. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावून ज्या लायब्ररीची घडी बसवली, आणि जिथे वरच्या मजल्याला काचेची फरशी आहे म्हणजे खालच्या रॅकवर उजेड पडावा, ती आपल्या हाताशी असताना आपण ऑनलाइन आठ-आठ पुस्तकांचे संच मागवतो, असो. (संच विकत घेण्याच्या विचारात असलेल्यांनी पहिली दोनच घ्यावीत. आणि जुन्या बाजारातून पहिलं घेणार असाल तर आत बघा, 2003 नंतरची सुधारलेली आवृत्ती आहे का, कारण पुढच्या पुस्तकांशी जुळावं म्हणून किंगने त्यात बऱ्याच गोष्टी बदलल्यात.)

पहिलं सोडून दुसरं घेऊ का, असंही विचारलंय. बरेच जण तसं सांगतात. मी तसं सांगणार नाही, कारण दुसऱ्याच्या सुरुवातीला जो माणूस समुद्रकिनाऱ्यावर पडलेला आहे तो तिथवर काय गमावून आलाय हे पहिल्याच्या शेवटाशिवाय कळत नाही, आणि तो शेवट पुढे सातही पुस्तकं त्याचा पिच्छा सोडत नाही. शिवाय पहिलं सगळ्यात लहान आहे हो, उरलंय ते तुम्ही दिवाळी अंकातली दीर्घकथा वाचता तसं एका बैठकीत एक भाग असं वाचलंत तर चार रविवारी दुपारी संपेल.

दुसऱ्या पुस्तकाला मात्र मी तुमची खरी कसोटी मानते, तुमची म्हणजे मालिकेची. पहिल्या काही पानांतच रात्री समुद्रातून खेकड्या-शेवंडासारखे प्राणी वर येतात आणि प्रश्न विचारल्यासारखे आवाज काढत रोलंडच्या अंगावर येतात, आणि त्या पहिल्याच रात्री त्याचं असं काही नुकसान होतं की बंदूकबाज माणसाची अर्धी ताकद गेली. मग वाळूत एक दार दिसतं. नुसतं दार, भिंत नाही काही नाही, बाजूने गेलं की दिसेनासं होतं. ते उघडलं की पलीकडे 1987 सालातलं एक विमान, आणि त्यात एडी डीन नावाचा गर्दुल्ला पोरगा काखेत कोकेनच्या पुड्या चिकटवून बसलाय, घामाघूम, एअर होस्टेसला त्याचा संशय आलाय आणि थोड्या वेळात विमान उतरून कस्टम्सचे लोक समोर येणार आहेत. रोलंड त्याच्या डोळ्यांतून हे बघतोय आणि त्याला सँडविच हा शब्दही माहीत नाही. भीती, विनोद, दोन जगं, ही मालिका जे जे काही आहे ते सगळं या विमानाच्या प्रकरणात आहे. ते वाचून जर तुम्हाला पुढे काय झालं हे जाणून घ्यावंसंच वाटलं नाही तर खुशाल बंद करा, ही मालिका तुमच्यासाठी नाही, आणि त्यात तुमचं काही कमी नाही. पण निकाल तिथे लावा, टलमध्ये नको.

पुढचा रस्ताही थोडा सांगून ठेवते म्हणजे दचकायला नको. तिसरं पुस्तक, 'द वेस्ट लँड्स', ऐन कोडं घालण्याच्या शर्यतीत तुटतं, समोर एक वेडी झालेली बोलणारी ट्रेन, आणि 1991 च्या वाचकांना पुढचं मिळालं ते थेट 1997 मध्ये. तुमच्याकडे चौथं शोकेसमध्ये उभं आहे, नवऱ्याला सांगा. चौथं जाडजूड आहे आणि त्यातला मोठा भाग रोलंडच्या तरुणपणच्या प्रेमाची गोष्ट आहे, तिथे निम्मे वाचक प्रेमात पडतात आणि निम्मे वैतागतात. मधल्या त्या वर्षांत किंगला लोकांची पत्रं यायची, एका कॅन्सर झालेल्या म्हाताऱ्या बाईंचं आलं की मी काही फार दिवस नाही, शेवट काय होतो तेवढं मला सांग, फाशीच्या शिक्षेवरच्या एका कैद्याचंही तसंच, आणि त्याने लिहिलंय की सांगितलं असतं हो, पण मलाच माहीत नव्हता. जून 1999 मध्ये फिरायला गेलेला असताना एका व्हॅनने त्याला उडवलं, थोडक्यात वाचला, आणि त्यानंतर उरलेली तीन पुस्तकं 2003 आणि 2004 मध्ये धडाधड आली. आणि सातव्याच्या अगदी शेवटी, शेवटचा तुकडा सुरू होण्याआधी, तो वाचकाला थांबवून सांगतो की इथवर समाधान झालं असेल तर पुस्तक इथेच मिटा, पुढे वाचलंच पाहिजे असं नाही. ज्या माणसाने ही गोष्ट सांगायला तीसेक वर्षं घातली तो स्वतः थांबायची परवानगी देतोय, आणि तुम्ही रविवारच्या फोनला घाबरताय.

त्या फोनबद्दल. कुठवर आलीस हा प्रश्न तुम्हाला शाळेतल्या बाईंनी विचारल्यासारखा वाटतो हे दिसतंय, म्हणून मग तुम्ही पानाचा नंबर सांगता आणि गप्प होता. मला वाटतं त्याला पानाचा नंबर नकोच आहे. त्याने हे हॉस्टेलवर असताना वाचलं असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे रात्र रात्र रिकामी, आणि आजूबाजूला कोणीतरी वाचत असणार बोलायला. आता पुण्यात नोकरी, बोलायला कोणी नाही, म्हणून ताईला संच पाठवलाय. पुढच्या रविवारी त्याने विचारलं की सरळ म्हणा, अरे ती अ‍ॅली, तिचं असं का केलं रे त्याने? बघा अर्धा तास फोन ठेवत नाही. यादी मी बाजूला ठेवलीये, आधी मालिका वाचणार, हेही त्याच फोनमध्ये सांगून टाका, नाही रुसणार.

झोपेचं सोपं आहे, जेवणं आवरून भांडी झाल्यावर रात्री अकराला टलचा गोळीबार वाचला तर माझीही उडेल. रविवारी दुपारचं सांगितलंच. अधल्यामधल्या दिवशी ऑफिसच्या डबा खायच्या सुट्टीत वाचा. ही काही सलग घाबरवणारी मालिका नाही, बरीचशी प्रवासाची आणि मैत्रीची आहे, भीती मधूनमधून येते आणि आली की जोरात येते, पहिल्याचा चौथा भाग 'द स्लो म्युटंट्स' आणि तिसऱ्यातलं ते ओसाड घर, ही दोन ठिकाणं उजेडात वाचा एवढंच.

राहता राहिली लेक. दहाव्या वर्षी 'डार्क टॉवर' अजिबात नको, दुसऱ्यात ड्रग्ज आहेत, मारामारी आहे, आणि टलमध्ये काय काय आहे ते तुम्ही वाचलंच आहे. नाही म्हणताना पुस्तकं वरच्या कप्प्यात मात्र लपवू नका, नाहीतर तीच आधी वाचेल. तिला सांगा तुझ्यासाठी वेगळं आहे, कारण खरंच आहे. किंगच्या मुलीला बापाच्या भयकथा आवडत नसत, म्हणून त्याने तिच्यासाठी 'द आइज ऑफ द ड्रॅगन' लिहिलं, राजा, दोन राजपुत्र, कपटी जादूगार, उंच मनोऱ्यात कैद, अगदी आपल्या राजाराणीच्या वळणाचं, आणि तो जादूगार फ्लॅग पुढे 'डार्क टॉवर'मध्येही येतो, म्हणजे भावाच्या यादीतलं एक नावही त्यात कटलं. सुरुवातीला राजाच्या संसाराबद्दल थोड्या मोठ्यांच्या गोष्टी आहेत, तेव्हा आधी स्वतः वाचा आणि ती बारा-तेराची झाली की द्या, किंवा तोवर तुम्हीच ती पानं गाळून रात्री तिला मराठीत सांगा. फक्त त्यातल्या राजाचं नावही रोलंड आहे, आणि तो हा रोलंड नव्हे, त्यावरून भावाशी वाद घालत बसू नका.